पहिलं बरं की दुसरं?

देवाने माणसाला डोळे दोन दिले, पण दिसते मात्र एकच. ते दोघे आपापसात काय ते मिटवतात आणि आपल्याला पत्ताही लागू देत नाहीत. चष्मेवाल्याला या गोष्टीचे रोज नव्याने कौतुक वाटे. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकावर तो ती जड, गोल, लोखंडी फ्रेम चढवी, एका डोळ्यापुढे काळी काच सरकवी आणि दुसऱ्यापुढे एकामागून एक भिंगे धरून विचारी, “पहिलं बरं... की दुसरं?”

‘पहिलं’ जरा वरच्या सुरात, मग दम घेण्यापुरती जागा, मग ‘दुसरं’ खाली उतरलेले. इतक्या वर्षांत या प्रश्नाला चाल लागून गेली होती. रस्त्यावरच्या लहानथोर सगळ्यांना ती पाठ होती, कारण त्या रस्त्यावर ज्याच्या नाकावर चष्मा, तो या खुर्चीत बसून गेलेला. आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांचे उत्तरही ठरलेले. आधी गप्प बसायचे, मग घसा खाकरायचा, आणि मग परीक्षेत नापास होणार असल्यासारख्या आवाजात म्हणायचे, “परत दाखवा.”

चष्मेवाला परत दाखवी. “सावकाश,” तो म्हणे. “मी डोळ्याला विचारतोय, पोलीस चौकशी नाही ही.”

असा हा माणूस गेले काही आठवडे स्वतःच बुचकळ्यात पडला होता. कारण पालिकेने त्यालाच विचारले होते, पहिलं बरं की दुसरं.

गोष्ट साधी होती. रस्ता अरुंद, आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे. पालिकेने दोन नकाशे काढले होते. पहिल्या नकाशात दुकानांच्या बाजूने फुटपाथला लागून एक लाल पट्टी होती. ती फक्त सायकलींची. तिथे कुणी गाडी उभी करायची नाही, क्षणभरही नाही. गाड्यांनी कोपऱ्यापलीकडच्या मैदानात जायचे आणि माणसांनी तिथून चालत यायचे. दुसऱ्या नकाशात दुकानांच्या दारापुढे निळे चौकोन होते. तिथे गाड्या उभ्या राहणार आणि सायकलवाल्यांनी आजवर काढली तशीच रहदारीतून वाट काढायची. लोकांची सभा होणार होती आणि लोक म्हणतील ते पालिका करणार होती. निदान तसे छापील कागदावर म्हटले होते.

दुकानदारांचा पुढारी होता शेजारचा पडदेवाला. पडद्यांचे गठ्ठे गाडीतूनच न्यावे लागतात, त्यामुळे त्याच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता.

“चष्मेवाले, सभेत तुम्ही बोलायचं,” तो म्हणाला. “माझं कुणी ऐकत नाही. मी बोललो की लोकांना वाटतं पडदा विकतोय. तुमच्याकडे आंधळीपांगळी माणसं येतात. ती काय मैदानातून चाचपडत यायची? एवढं एकच वाक्य बोला. सभा खिशात.”

“बघतो,” चष्मेवाला म्हणाला.

“बघता म्हणजे? दुसऱ्यांना दिसायला लावता आणि स्वतः नुसते बघता.”

चष्मेवाला हसला, पण पोटातून नाही. दुकानाच्या दारात उभे राहून त्याने डावा डोळा हाताने झाकला आणि उजव्याने रस्ता पाहिला. मग उजवा झाकला आणि डाव्याने पाहिला. एका डोळ्यापुढे मावशी येई, दुसऱ्यापुढे भिंगरी. दोन्ही उघडे ठेवले की दोघी एकमेकींवर चढत आणि सगळेच धूसर होई.

मावशी म्हणजे त्याच्या आईची बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मावशीनेच त्याला वाढवले. भिंगरी त्याची लेक. चष्मेवाल्याच्या घरी जन्मली म्हणून भिंगरी, आणि पायाला भिंगरी म्हणूनही भिंगरीच. ती केस कापायच्या दुकानात कामाला होती आणि रोज याच रस्त्याने सायकलवरून जायची.

मावशीच्या डोळ्यांच्या कडा गेल्या होत्या. समोरचे अक्षर ती अजून वाची, पण दोन्ही बाजूंना अंधार. नळीतून बघावे तसे तिचे जग उरले होते. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले होते, गेले ते परत येणार नाही, चष्म्याने तर नाहीच. तरी ती दर आठवड्याला टॅक्सी करून दुकानात यायची, खुर्चीत बसायची, फ्रेम चढवून घ्यायची आणि चष्मेवाला तिला इमानदारीने भिंगे दाखवायचा. फरक पडणार नाही हे दोघांना माहीत होते. पण घराबाहेर पडायला माणसाला काहीतरी निमित्त हवे असते, आणि देवाचे नाव घेत घेत एवढा एकच फेरा तिच्याकडून होई. टॅक्सी दारात थांबे, ती उतरे, दोन पावलांवर खुर्ची.

काही आठवड्यांपूर्वी अशीच टॅक्सी थांबली. मावशीने नेहमीसारखे दार उघडले. बाजूने सायकल येत होती आणि बाजूचे तिला दिसत नव्हते. सायकल दारावर आदळली आणि सायकलवर होती भिंगरी.

मनगट मोडले. बाकी देवाने सांभाळले. पण मागून येणारी गाडी जिथे थांबली, ती जागा चष्मेवाल्याने डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती भिंगरीच्या डोक्यापासून फार लांब नव्हती.

तेव्हापासून मावशी घरातून हलली नव्हती आणि भिंगरीचा हात प्लास्टरमध्ये होता.

सभेच्या आदल्या दिवशी चष्मेवाला मावशीकडे गेला. ती खिडकीशी बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी गात होती.

“दुकानात कधी येतेस?” त्याने विचारले. “खुर्ची रिकामी आहे.”

“खुर्चीला काय कमी बसणारे. मी घरातच बरी.”

“टॅक्सी मी घेऊन येतो. दार मी उघडीन.”

“आणि नकाशातली पट्टी झाली की? मग टॅक्सी मैदानात. तिथून माझे पाय चालायचे नाहीत, तुला माहीत आहे.”

“म्हणूनच म्हणतो, पट्टी नको असंच सांगतो उद्या सभेत.”

मावशीने मान पूर्ण वळवली. आता कुणाशी बोलायचे तर तिला असे पुरते वळावे लागे, त्यामुळे तिचे साधे बोलणेही फैसला सुनावल्यासारखे वाटे.

“असलं काही सांगू नकोस. पट्टी हवी म्हणून सांग. माझ्या एका फेऱ्यासाठी पोरीच्या जिवाशी खेळायचं का? मी माझं बघितलंय सगळं. देवळात न जाता देव भेटतो, तर दुकानात न जाता तू नाही का भेटणार?”

“पण मावशी—”

“पण नाही नि बिण नाही. लहानपणापासून तुझं हेच. तळ्यात की मळ्यात, तळ्यात की मळ्यात. इतर पोरं उड्या मारून घरी गेली तरी हा आपला रेघेवर उभा.”

चष्मेवाला उठला. चला, सुटलो म्हणायचे. मावशीनेच कौल दिला. पट्टी हवी. रस्ताभर तो हे वाक्य घोकत आला.

घरी भिंगरी डाव्या हाताने भाजी चिरायचा प्रयत्न करत होती. तुकडे एकाला एक मिळत नव्हते.

“असे केस कापलेस तर गिऱ्हाईक मारेल,” तो म्हणाला.

“म्हणून तर घरी बसवलंय.” तिने सुरी खाली ठेवली. “बाबा, मी विचार केला. उद्या तू दुकानदारांसारखंच बोल. निळे चौकोन राहू देत.”

चष्मेवाला मटकन खुर्चीत बसला.

“का गं? आणि तू?”

“मी बसने जाईन. मावशीआजी किती दिवस बाहेर पडली नाही, मला दिसत नाही का? तिला वाटतं तिने मला पाडलं. पट्टी झाली तर ती मेली तरी येणार नाही त्या रस्त्याला. माझ्यामुळे तिचा एवढा एक फेरा तुटला तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.”

“पण ती म्हणते पट्टी हवी.”

“ती म्हणणारच. आणि तू ऐकणार?”

“मग तुझं ऐकू?”

“माझं ऐक असं मी म्हणतेय.”

“तीही तेच म्हणतेय.”

दोघी कचाकचा भांडल्या असत्या तर सोपे झाले असते. एकीची समजूत घातली असती, दुसरीचे ऐकले असते. पण इथे जिला पट्टी हवी ती म्हणत होती नको, आणि जिला नको ती म्हणत होती हवी. प्रेमाची माणसे एकमेकांना वाट देऊ लागली की दारातच कोंडी होते, आधी तुम्ही, आधी तुम्ही, आणि पुढे कुणीच जात नाही. चष्मेवाला त्या रात्री जेवला काय, त्याचे त्यालाही आठवले नाही.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. नकाशे दाखवायला पडदा हवा होता, तो पडदेवाल्याने मोठ्या मनाने दिला होता. मात्र तो होता खिडकीचा, चुण्या घातलेला. त्यामुळे भिंतीवर टांगल्यावर पालिकेचा सरळ रस्ता त्यावर लाटांसारखा हलत होता.

“रस्ता एवढा वाकडा कधी केलात?” मागून कुणीतरी विचारले.

“रस्ता सरळ आहे,” पालिकेची इंजिनिअरबाई म्हणाली. “पडदा वाकडा आहे.”

“पडदा पहिल्या प्रतीचा आहे,” पडदेवाला जागेवरून म्हणाला. “धुतला तरी चुणी जात नाही.”

बाई तरुण होती, नेटकी होती आणि तिचा घसा बसत आला होता. तिने पहिला नकाशा दाखवला, तेव्हा सायकलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुकानदार ओरडले. दुसरा दाखवला, तेव्हा दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या आणि सायकलवाले ओरडले. मग दोन्ही बाजू एकदम बोलू लागल्या. एक म्हणे, आमच्या पोराबाळांनी मरायचं का. दुसरा म्हणे, आम्ही दुकानांना कुलपं लावायची का. एक गृहस्थ उभे राहिले आणि आपल्याकडे सायकलही नाही आणि गाडीही नाही, तेव्हा आपल्याला कुणी काही विचारतच नाही, असे म्हणून खाली बसले.

“चष्मेवाले,” पडदेवाल्याने कोपराने ढोसले. “उठा. आंधळीपांगळी.”

चष्मेवाला उठला. पुढे गेला. बाईने नकाशा बदलायचे बटण त्याच्या हातात दिले, हवा तो नकाशा दाखवून बोला म्हणाली. त्याने समोर पाहिले. तिसऱ्या रांगेत भिंगरी बसली होती, गळ्यात अडकवलेला पांढरा हात घेऊन. ती मानेने खूण करत होती, बोल, बोल, चौकोन. आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत, जिथे कुणीच नव्हते, तिथून मावशी त्याच्याकडे पुरती मान वळवून पाहत होती.

त्याने बटण दाबले. लाल पट्टी आली. पुन्हा दाबले. निळे चौकोन आले. काहीतरी बोलायला हवे होते, हॉल वाट बघत होता. बटणाचा टिक् असा आवाज ओळखीचा वाटला, भिंग खाचेत बसते तसा. आणि हात चालू झाला की तोंड आपसूक चालते.

“पहिलं बरं...” तो म्हणाला. टिक्. “...की दुसरं?”

चाल ओळखीची होती. चष्म्यांच्या रांगाच्या रांगा नकळत सरळ झाल्या, हनुवट्या वर आल्या, काहींनी तर एक डोळा हाताने झाकला. मघाशी बाह्या सरसावणारा एक सायकलवाला पडद्याकडे डोळे किलकिले करून बघू लागला.

आणि मग मधल्या रांगेतून, खुर्चीत बसल्यावर येतो तोच पडेल आवाज आला, “परत दाखवा.”

त्याने परत दाखवले. टिक्. टिक्.

“दोन्ही सारखंच दिसतंय,” एक आजोबा म्हणाले.

“पहिलं जरा तांबूस आहे,” दुसरे कुणी म्हणाले. “पण रेषा तुटतायत.”

“ती चुणी आहे,” पडदेवाला म्हणाला. आणि मग तोही डोळा झाकून म्हणाला, “जरा परत दाखवा बरं.”

भिंगरीने कपाळावर हात मारला. कुठला हात प्लास्टरचा आहे हे विसरून मारला, त्यामुळे आवाज झाला.

“अहो, पडद्यावर काय कळणार?” सायकलही नाही आणि गाडीही नाही ते गृहस्थ पुन्हा उभे राहिले. “रस्त्यावर दाखवा. दोन्ही दाखवा.”

“दोन्ही दाखवा,” हॉल म्हणाला. संपूर्ण सभेत सगळे मिळून एका सुरात बोलले ते एवढेच.

इंजिनिअरबाईने तेवढे लिहून घेतले. बाकी काय लिहावे तिला सुचले नसावे. पाण्याने धुऊन जाईल अशा रंगाने रस्त्यावर आखून दाखवू, असे तिने जाहीर केले आणि सभा संपली. चष्मेवाला घामाघूम होऊन खाली उतरला. आपण नक्की कुणाच्या बाजूने बोललो, हे त्याने भिंगरीला विचारले.

“मलाही तेच विचारायचं होतं,” ती म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी दुकान उघडायला तो रस्त्यावर आला आणि जागच्या जागी थांबला. पालिकेच्या माणसांनी काम केले होते. फुटपाथला लागून लाल पट्टी होती, लांबलचक, मध्येमध्ये सायकलीची चित्रे काढलेली. आणि त्याच पट्टीवर, त्याच सायकलींच्या पोटातून, निळे चौकोन होते. त्यांना ‘दोन्ही दाखवा’ असा निरोप मिळाला होता. त्यांनी दोन्ही दाखवले होते. एकावर एक.

रस्त्यावर नुसता गोंधळ. एक गाडीवाला निळ्या चौकोनापर्यंत आला, लाल रंग बघून बिचकला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. एक सायकलवाला पट्टीत शिरला, समोर चौकोन बघून खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला. मागच्याने विचारले, “काय झालं?” तो म्हणाला, “माहीत नाही, पण काहीतरी आहे.” तोही उतरला. गाड्या गोगलगायीसारख्या चालल्या होत्या. प्रत्येक जण काच खाली करून दुसऱ्याला विचारत होता, तुम्ही जाताय की मी जाऊ. पडदेवाला रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता, आणि त्या दोन्ही खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या.

आणि या सगळ्यातून एक टॅक्सी आली. टॅक्सीवाला लाल पट्टीच्या अलीकडे थांबला. पुढे जावे की नाही त्याला कळेना. शेवटी तो स्वतःच खाली उतरला, पट्टीकडे पाहिले, चौकोनाकडे पाहिले, मागे पाहिले, पुढे पाहिले, आणि मगच वळसा घालून त्याने मागचे दार उघडले. आतून आधी प्लास्टरचा हात बाहेर आला, मग भिंगरी, आणि तिच्या दुसऱ्या हाताला धरून मावशी.

चष्मेवाला धावत पुढे झाला.

“ही म्हणाली, रस्त्यावर काहीतरी गंमत केलीय, बघायला चल,” मावशी म्हणाली. “कुठंय?”

“तू तिच्यावरच उभी आहेस.”

मावशीने खाली पाहिले. तिच्या नळीत मावेल एवढेच तिला दिसले. “इथं तांबडं आहे,” ती म्हणाली. मान थोडी वळवली. “नाही, निळं आहे.” पुन्हा वळवली. “अरे, मी आहे कुठे?”

मागे उतरून उभे राहिलेले सायकलवाले मुकाट्याने थांबले होते. त्यांच्या मागे गाड्या थांबल्या होत्या. कुणी घंटी वाजवली नाही, कुणी हॉर्न वाजवला नाही, कारण चूक नक्की कुणाची ते कुणालाच ठरवता येत नव्हते. भिंगरीने मावशीआजीचा हात घट्ट धरला आणि त्या दोघी लाल-निळ्यातून, एकमेकींना सांभाळत, दुकानाच्या दारापर्यंत आल्या. चष्मेवाला त्यांच्याकडे बघत होता. दोन्ही डोळ्यांनी. दोघी एकाच जागी दिसत होत्या आणि धूसर काहीच नव्हते. हे कशामुळे होते, ते मात्र त्याला कळेना. रंगामुळे म्हणावे तर रंग चुकलेला. माणसांमुळे म्हणावे तर ही तीच माणसे, परवा हॉलमध्ये एकमेकांच्या अंगावर जाणारी. देव कधी कधी कामगारांच्या हातून चूक करवून घेतो, असे मावशी म्हणाली असती. पण ती थेट खुर्चीत जाऊन बसली आणि नाक पुढे केले.

त्याने फ्रेम चढवली. पहिले भिंग खाचेत सरकवले.

एवढ्यात इंजिनिअरबाई दारात आली. धापा टाकत होती. तिच्यामागे रस्त्यावर पाण्याची गाडी उभी होती आणि तिच्यावरचा माणूस हातात नळी धरून हुकमाची वाट बघत होता.

“चूक झाली हो,” ती म्हणाली. “एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, असं आखायचं होतं. मीच नीट सांगितलं नाही. आता एक ठेवायचा आणि एक धुऊन टाकायचा. सभेत सगळ्यांनी तुमचंच ऐकलं, तर तुम्हीच सांगा. पहिला की दुसरा?”

चष्मेवाल्याने भिंगरीकडे पाहिले. तिने मावशीआजीकडे बोट केले. त्याने मावशीकडे पाहिले. लोखंडी फ्रेममागून मावशी समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे एकटक बघत होती, ओठांत काहीतरी पुटपुटत होती, अक्षरे किंवा देवाचे नाव.

त्याने दुसरे भिंग उचलले. हात थांबला. विचारायचे काय आणि कुणाला, तेच त्याला उमगेना. सवयीने तेवढे तोंडातून आले, वरच्या सुरातून खालच्या सुरात.

“पहिलं बरं... की दुसरं?”

मावशीने घसा खाकरला. बाहेर पडदेवाला अजून खुणा करत होता आणि गाड्या एकेक करून सरकत होत्या.

“मला अजून नीट दिसलं नाही,” ती म्हणाली. “परत दाखव.”

ती भिंगाबद्दल बोलत होती की रस्त्याबद्दल, चष्मेवाल्याला सांगता आले नसते. इंजिनिअरबाईने मात्र दारातूनच पाण्याच्या गाडीवाल्याला हात केला, थांब जरा, आणि ती भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली.